संस्थेचा पत्ता नसलेले संशोधक

संशोधनासाठी सरकारी अनुदान मागायला गेलं की अर्जात सुरुवातीलाच विचारतात : कोणत्या संस्थेत आहात, पद कोणतं, नोकरी कायम आहे का, पीएच.डी. कधी झाली. तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे, हा प्रश्न त्यानंतर येतो. पहिल्या रकान्यांत लिहिण्यासारखं ज्याच्याकडे काही नाही त्याचा अर्ज तिथेच संपतो. तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक, मुलं मोठी होईपर्यंत दहा-बारा वर्षं घरी राहिलेली रसायनशास्त्राची द्विपदवीधर, सुट्टीत पाड्यापाड्यांवर हिंडून रानभाज्यांची आणि औषधी झाडांची नावं टिपणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक, बँकेतून निवृत्त होऊन मोडी दफ्तरं वाचत बसलेला गृहस्थ, हे सगळे या एका रकान्यापाशी अडतात. त्यांचं काम बरं की वाईट हे ठरवण्याची वेळच येत नाही, कारण ते कोणी वाचत नाही.

अशा माणसांसाठी लहान रकमेचा, लवकर मिळणारा आणि पद न बघता काम बघून दिला जाणारा निधी समाजाने स्वतः उभा केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सरकारने तो करावा अशी मागणी जरूर करावी, पण त्यासाठी थांबू नये. हे मी कलकत्त्याच्या आधाराने मांडतो आहे. लोकवर्गणीतून विज्ञानाची संस्था उभी करण्याचा प्रयोग त्या शहरात दीडशे वर्षांपूर्वी झाला, फळाला आला, आणि असा प्रयोग पुढे कुठे अडतो तेही त्याच शहराने दाखवून दिलं. शिवाय त्या गोष्टीत एक मराठी माणूस आहे, ज्याचं उदाहरण आपण अशा चर्चेत फारसं काढत नाही.

डॉ. महेंद्रलाल सरकार हे कलकत्ता मेडिकल कॉलेजचे एम.डी. वैद्यकातली ही सर्वोच्च पदवी मिळवणाऱ्या पहिल्या दोघातिघांत त्यांची गणना होते. १८६७ मध्ये त्यांनी होमिओपॅथीची बाजू जाहीरपणे घेतली आणि व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकलं. होमिओपॅथीबद्दल त्यांचं मत मला पटत नाही. तिच्या बाजूने भक्कम पुरावा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. पण बाहेर फेकल्या गेलेल्या या माणसाने दोनच वर्षांत, १८६९ मध्ये, एक लेख लिहिला. या देशातल्या लोकांनी विज्ञान नुसतं शिकू नये, स्वतः करावं, आणि त्यासाठी त्यांची स्वतःची संस्था हवी, असं त्यांनी त्यात मांडलं. मग ते वर्गणी मागत फिरले. उत्तरपाड्याच्या जयकृष्ण मुखर्जींनी हजार रुपये दिले, संस्थानिकांनी दिले, कालीकृष्ण टागोरांनी उपकरणांसाठी २५,००० दिले, पुढे विजयनगरमच्या महाराजांनी प्रयोगशाळेसाठी ४०,००० दिले. २९ जुलै १८७६ रोजी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था सुरू झाली आणि तिला पत्ता मिळाला तो २१०, बहूबाजार स्ट्रीट.

पैसे जमत असताना एक वाद झाला आणि तो आजचाच वाटावा असा आहे. शुद्ध विज्ञान कशाला, धंदेशिक्षणाची शाळा काढा, देशाला कारागीर हवेत, असं म्हणणारा एक गट होता आणि तो दुबळा नव्हता. लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांच्यापर्यंत हे प्रकरण गेलं. डॉ. सरकार हटले नाहीत. उपयोग काय, हा प्रश्न आधी विचारणाऱ्याच्या हातून शोध लागत नाही, ही त्यांची धारणा होती आणि तिच्यासाठी त्यांनी काही देणगीदार गमावायचीही तयारी ठेवली.

पुढची तीस वर्षं या संस्थेत व्याख्यानं झाली, दिवे आणि बॅटऱ्यांची प्रात्यक्षिकं झाली, पण मूळ संशोधन असं जवळपास झालंच नाही. पूर्ण वेळ संशोधनाला वाहून घेणारा माणूस मिळेना, कारण त्याला पगार देण्याइतका पैसा कधी जमला नाही. आयुष्याच्या शेवटी डॉ. सरकार निराश होते. १९०४ मध्ये ते गेले. आजच्या कुठल्याही मूल्यमापन समितीने तेव्हाचा अहवाल वाचला असता तर 'उद्दिष्टपूर्ती नाही' असा शेरा मारून प्रकल्प बंद केला असता.

१९०७ मध्ये अर्थखात्यातला अठरा वर्षांचा एक अधिकारी कलकत्त्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाला. चंद्रशेखर वेंकट रामन. एम.ए. झालेला, पीएच.डी. नाही, कुठल्या विद्यापीठात जागा नाही, आणि परदेशी जाऊन संशोधन करायला प्रकृतीमुळे डॉक्टरांनी मनाई केलेली. ट्राममधून जाताना त्याला बहूबाजारात संस्थेची पाटी दिसली. तो उतरून गेला. दार उघडलं आशुतोष डे यांनी, ज्यांना सगळे आशूबाबू म्हणत. आत उपकरणं होती, खोल्या होत्या, वापरणारा कोणी नव्हता. सचिव होते संस्थापकांचे चिरंजीव अमृतलाल सरकार. रामनना तिथे काम करायला मोकळीक मिळाली. कोणी त्यांच्याकडे शिफारसपत्र मागितलं नाही.

मग त्यांनी प्रयोगशाळेच्या अगदी जवळ घर घेतलं. पहाटे साडेपाचला प्रयोगशाळेत जायचं, पावणेदहाला घरी येऊन घाईने आवरून कचेरी गाठायची, संध्याकाळी कचेरीतून परस्पर पुन्हा प्रयोगशाळेत, आणि रात्री नऊ-दहाला घरी. मध्ये रंगूनला आणि आपल्या नागपूरला बदल्या झाल्या, त्या सोडल्या तर दहा वर्षं हे असंच चाललं. या काळात त्यांनी पंचवीसहून अधिक शोधनिबंध छापले. त्यांच्या जोडीला आशूबाबू. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावावर छापला गेला. रामन यांच्या चरित्रात हा तपशील ओझरता येतो. मला तो फार मोलाचा वाटतो. रामन तरी एम.ए.ला पहिले आलेले होते. आशूबाबूंकडे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करायची संधी मिळणं यापलीकडे दुसरं काहीच भांडवल नव्हतं.

२८ फेब्रुवारी १९२८ ला प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध जाहीर झाला आणि ज्याला १९३० चं नोबेल मिळालं, तो याच इमारतीतला. उपकरणं अगदी साधी होती. आज त्या पत्त्यावर गोएंका कॉमर्स कॉलेज आहे. संस्था नंतर जादवपूरला गेली.

१९१७ मध्ये रामन सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापक झाले. हे पद तारकनाथ पालित या वकिलाच्या देणगीतलं. देणगीच्या अटींनुसार प्राध्यापकाने आधी परदेशात प्रशिक्षण घ्यायचं होतं. रामन म्हणाले, मी शिकायला कुठेही जाणार नाही. कुलगुरू राहिलेल्या सर आशुतोष मुखर्जींनी ती अट बाजूला ठेवण्याची व्यवस्था केली. रामनना मिळणारा नवा पगार अर्थखात्याच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास होता. नियम सांभाळणारा माणूस त्या जागी असता तर परदेशातून शिकून आलेला कोणी सज्जन गृहस्थ त्या खुर्चीवर बसला असता आणि कोणाचीच तक्रार राहिली नसती.

याच शहरात गोपालचंद्र भट्टाचार्य नावाचे एक निरीक्षक होऊन गेले. पूर्व बंगालमधल्या खेड्यातले शाळामास्तर, पुढे कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटर, पदवी नाही. कुजणाऱ्या वनस्पतींतून रात्री दिसणाऱ्या उजेडावर त्यांनी 'प्रवासी' मासिकात बंगालीत एक लेख लिहिला. तो जगदीशचंद्र बोस यांच्या वाचनात आला आणि त्यांनी या माणसाला आपल्या बसू विज्ञान मंदिरात बोलावून घेतलं. पुढे गोपालचंद्रांनी मुंग्या, कोळी, बेडूक यांच्यावर आयुष्य घालवलं. मातृभाषेतला एक मासिक-लेख हाच त्यांचा अर्ज होता. तो वाचणारा माणूस योग्य जागी होता, म्हणून ते जमलं.

आता धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा, १८७६ चा जन्म. शाळा मराठी, तीही थोड्याच इयत्तांपुरती, नारळाच्या बागा सांभाळायच्या, प्रकृती तोळामासा. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्यांना वेड लागलं. १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, तिथून सिलोन, पुढे ब्रह्मदेश. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, सिलोनला भिक्षूंकडे पाली शिकले. कोणत्याही विद्यापीठाचं कागदपत्र त्यांच्याकडे नव्हतं. १९०६ मध्ये ते कलकत्त्यात आले, तेव्हा पाली ग्रंथ मुळातून वाचलेला त्यांच्याइतका जाणकार हिंदुस्थानात क्वचितच असेल. बहुभाषाकोविद हरिनाथ दे यांनी त्यांची योग्यता ओळखली. नव्याने निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. तिथेही आशुतोष मुखर्जीच होते.

कलकत्त्याने त्यांना पद दिलं, मान दिला, पण त्यांना महाराष्ट्रात परत येऊन आपल्या लोकांमध्ये बुद्धाची ओळख करून द्यायची होती. आणि महाराष्ट्रात त्यांना जागा नव्हती. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एक साधी गोष्ट केली. महाराष्ट्रात कुठेही राहा, तीन वर्षं महिना ५० रुपये मिळतील, वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहून द्या. बस्स. अटी तेवढ्याच. कलकत्त्यात मिळू शकणारा पगार याच्या कितीतरी पट होता, पण कोसंबींनी पन्नास रुपये पत्करले.

त्या पन्नास रुपयांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ते पुण्या-मुंबईत आले, डॉ. भांडारकरांशी संबंध जुळला, मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यास सुरू होण्याला चालना मिळाली. हार्वर्डच्या प्रा. वुड्स यांची गाठ पडली आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी कोसंबी अमेरिकेला गेले. परत आल्यावर फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवताना पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी घडले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत तो 'विसुद्धिमग्ग' छापून निघाला १९५० मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. त्या वेतनाचा हिशेब तीन वर्षांनी मागितला असता तर दोन-तीन मराठी पुस्तकं एवढंच दाखवता आलं असतं.

सयाजीरावांनी हेच पुन्हा पुन्हा केलं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. श्रीधर व्यंकटेश केतकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मदत. केतकरही परतल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते, आणि मग भागधारक गोळा करून, लिमिटेड कंपनी काढून त्यांनी ज्ञानकोश रचला, कारण असल्या कामाला अनुदान देणारी संस्था अस्तित्वात नव्हती.

एक कडू गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. कोसंबींनी घर सोडलं तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. त्यांच्या वनवासाची किंमत त्या माउलीने चुकवली. निधी नसतो तेव्हा संशोधन थांबतंच असं नाही. ते कोणाच्या तरी मंगळसूत्रावर, कोणाच्या तरी उपाशी संसारावर चालतं. बाहेरच्या संशोधकाच्या जिद्दीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा खर्च कोण भरतं ते आधी विचारावं. आणि ज्याच्या घरात गहाण टाकायलाही काही नाही, तो जिद्द असूनसुद्धा संशोधक होत नाही. म्हणून हा प्रश्न दयेचा नाही. संशोधन कोणत्या थरातल्या माणसाला परवडावं, याचा तो प्रश्न आहे.

इथपर्यंतची कहाणी ऐकून कोणी म्हणेल, चला, चांगल्या माणसांनी चांगल्या संस्था काढल्या, प्रश्न सुटला. तसं झालं नाही. बाहेरच्यांसाठी उघडलेलं दार एका पिढीत बंद व्हायला लागतं.

अमलकुमार रायचौधुरी कलकत्त्याच्या आशुतोष कॉलेजात शिकवायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना संशोधक म्हणून नोकरी मिळाली ती महेंद्रलाल सरकारांच्याच त्या संस्थेत. त्यांना सापेक्षतावादावर काम करायचं होतं. त्यांना सांगण्यात आलं, धातूंच्या गुणधर्मांवर काम करा. नोकरी टिकवायची म्हणून त्यांनी नेमून दिलेलं काम केलं आणि उरलेल्या वेळात एकट्याने सापेक्षतावादाची गणितं मांडली. १९५५ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'त त्यांचा निबंध आला. त्यातलं समीकरण आज जगभर रायचौधुरी समीकरण म्हणून ओळखलं जातं. पेनरोज आणि हॉकिंग यांनी विश्वाच्या आरंभाबद्दल आणि कृष्णविवरांबद्दल जे सिद्धान्त मांडले, त्यांच्या पायात ते आहे. ज्या संस्थेने एका अर्थखात्याच्या कारकुनी अधिकाऱ्याला हवं ते करू दिलं होतं, ती संस्था पन्नास वर्षांत आपल्याच पगारी माणसाला काय शोधायचं ते नेमून देऊ लागली होती.

आणि खुद्द रामन? १९३३ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण, तिथे प्रवेश मागायला गेली. बाई म्हणून रामन यांनी नकार दिला. ती हटून बसली, तेव्हा वर्षभर तात्पुरती, पुरुष सहकाऱ्यांना व्यत्यय येणार नाही अशा बेताने, अशा अपमानास्पद अटींवर तिला घेतलं. तिने त्या पाळल्या, स्वतःचं काम दाखवून रामनना मत बदलायला लावलं, केंब्रिजला गेली आणि १९३९ मध्ये तिथे पीएच.डी. झाली. मराठी वाचकांना कमला सोहोनींची ही गोष्ट ठाऊक आहे. मला तिच्यात दिसतं ते असं की, बाहेरून आत आलेला माणूस दुसऱ्या बाहेरच्याला ओळखेलच असं नाही. कुणाच्या मनाच्या मोठेपणावर ही व्यवस्था सोपवता येत नाही. तिला नियम हवेत, आणि ते नियम बाहेरच्यांना आत घेण्याच्या बाजूने झुकलेले हवेत.

कलकत्त्याची सर्वांत दुःखद गोष्ट डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, जगातलं पहिलं नळीतलं बाळ इंग्लंडमध्ये जन्मल्यानंतर ७० दिवसांनी, त्यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. तुटपुंज्या साधनांवर, दोन सहकाऱ्यांसोबत, गर्भ गोठवून ठेवण्याचं तंत्र वापरून. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या प्रमुखपदी होते रेडिओभौतिकीचे एक प्राध्यापक. समितीने दावा फेटाळला. मुखोपाध्यायांना जपानमधल्या परिषदेला जाऊ दिलं नाही, पुढे बदली केली ती नेत्ररोगांच्या संस्थेत, जिथे त्यांच्या विषयाचं काम होणंच शक्य नव्हतं. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं.

१९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं आणि ते देशातलं पहिलं मानलं गेलं. १९९७ मध्ये आनंद कुमार कलकत्त्याला गेले, मुखोपाध्यायांची टिपणं त्यांनी वाचली आणि 'करंट सायन्स'मध्ये लिहून जाहीर केलं की पहिलेपणाचा मान आपला नाही, त्यांचा आहे. स्वतःचा मुकुट उतरवून देणारी अशी माणसं विज्ञानात दुर्मीळ. पण मुखोपाध्यायांच्या बाबतीत नुसता पैसा कमी पडला नव्हता. ज्यांना विषय कळत नाही त्यांच्या हाती निवाडा होता, आणि ज्या खात्याचे ते नोकर होते त्याच खात्याच्या हाती त्यांची बदली होती. म्हणून निधी देणाराच वरिष्ठ नसावा, आणि काम तपासणारा त्या कामातला असावा. या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर कितीही पैसा ओतला तरी उपयोग नाही.

आता आजची स्थिती. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचं ठरलं, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून. उद्देश चांगला आहे, पण त्यातली नेहमीची अनुदानं मान्यताप्राप्त संस्थेतल्या नियमित पदावरच्या माणसासाठीच. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा संशोधनाकडे वळवायचा तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात जी यादी आहे तीत आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा, सरकारी निधीवरची विद्यापीठं आणि इनक्युबेटर येतात. एकटा माणूस येत नाही. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांनी हजारो घरांतल्या पहिल्या पिढीला विद्यापीठात नेलं, याचं मोल मी कमी करणार नाही. पण त्याही पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांसाठी आहेत. मध्येच संशोधन सुटलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने योजना आणली, तो एकच ठळक अपवाद म्हणता येईल.

एक प्रकारचं बीजभांडवल मात्र सहज मिळतं. वस्तू बनवणाऱ्याला 'निधी-प्रयास'मधून नमुना तयार करायला १० लाखांपर्यंत, जैवतंत्रज्ञानातल्या कल्पनेला 'बायरॅक'कडून ५० लाखांपर्यंत, स्टार्टअपला बीजनिधी योजनेतून संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत. यातल्या काही योजनांत पदवीही फारशी विचारत नाहीत, अपयशही समजून घेतात. म्हणजे पदाविना माणसावर विश्वास टाकणं आपल्या सरकारला जमतं. अट एवढीच की त्याने काही विकायला काढावं. ज्याला नुसतं जाणून घ्यायचं आहे, सातपुड्यातल्या एखाद्या बोलीचं व्याकरण, एखाद्या ओढ्यातल्या माशांची घटती संख्या, एखाद्या गावच्या दुष्काळाचा शंभर वर्षांचा इतिहास, त्याला विकायला काही नाही आणि म्हणून मागायलाही जागा नाही. धंदेशिक्षणाची शाळा काढा म्हणणारे १८७५ मध्ये हरले होते. आज ते जिंकलेले दिसतात.

यावर आक्षेप येतो, तो खराही आहे. पद आणि पदवी यांची चाळणी काढली तर भोंदू आत येतील. गोमूत्रातून सोनं काढणारे, पाण्यावर मोटार चालवणारे, आइनस्टाइनला खोटं ठरवणारे अर्ज ढिगाने येतील. येतीलच. महेंद्रलाल सरकारांसारखा मोठा माणूस एका बाबतीत चुकला आणि दुसऱ्या बाबतीत त्याने देशाला दिशा दिली. बाहेरचा आहे म्हणून कोणी बरोबर ठरत नाही. पण चाळणी पदाची नको, कामाची लावा. अर्जासोबत दहा पानं प्रत्यक्ष काम मागा : नोंदवहीची पानं, मोजमापं, छायाचित्रं, मोडीचं लिप्यंतर. भोंदूकडे दावा असतो, नोंदवही नसते. त्या विषयात हात काळे केलेल्या दोघांना ती वाचायला द्या. पहिला हप्ता लहान ठेवा. गेले तर लाखभर रुपये जातील. आणि पदाची चाळणी लावूनही भोंदूपणा किती आत येतो ते पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार पाहिला की कळतं. ती नियतकालिकं कोणी रस्त्यावरचा माणूस भरत नाही. बढतीसाठी गुण हवे असलेले पदावरचेच लोक भरतात.

दुसरा आक्षेप असा की मी यशस्वी झालेल्यांचीच नावं घेतो आहे. रामन यांच्यासारखा एक निघाला, पण त्या तीस वर्षांत बहूबाजाराच्या खोल्या रिकाम्याच होत्या ना? होत्या. मान्य आहे. अशा निधीतून दहापैकी सात जणांच्या हातून काही विशेष घडणार नाही, असंच धरून चाललं पाहिजे. पण एका प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या यंत्राच्या किमतीत अशी पन्नास माणसं वर्षभर पोसता येतात, आणि त्या यंत्रातूनही दरवेळी काही निघतंच असं नाही.

मग करायचं काय? मोठी घोषणा नको. एक कोटी रुपये जमले तर दोन-दोन लाखांचे पन्नास हप्ते होतात. एवढी रक्कम आपल्याकडे एकेका गणेशमंडळाची उलाढाल असते, एकेका साखरसम्राटाच्या घरच्या लग्नात ती मांडवावर जाते. परदेशातली महाराष्ट्र मंडळं एका अधिवेशनावर याहून जास्त खर्च करतात. दोन पानी अर्ज, मराठीत चालेल. महिन्याभरात हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का ते चार ओळींत. पगार, प्रवास, पुस्तकं, मोबाइलचं रिचार्ज, मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार, जो खर्च संशोधकाला लागेल तो करण्याची मुभा. अहवाल मराठीत आणि सर्वांसाठी खुला. श्रेय संशोधकाचं, देणगीदाराचं नाव आभारात, मुखपृष्ठावर नाही.

पैशाइतकीच गरज पत्त्याची आहे. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद आहे, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत शंभर-सव्वाशे वर्षांची ग्रंथालयं आहेत. यांतल्या प्रत्येकाने वर्षाला चार-पाच अशा माणसांना आपलं नाव वापरू द्यावं : अभ्यागत संशोधक म्हणून एक पत्र, एक टेबल, ग्रंथालयाचं कार्ड, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असलेली खोली. जिल्ह्याच्या विज्ञान महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक सुट्टीत कपाटात बंद असतात, ते सुट्टीतच बाहेरच्यांना वापरू द्यावेत. ज्या सरकारी योजनांना यजमान संस्था चालते, त्यांचे दरवाजे एवढ्याने उघडतील. याला एक रुपयाही लागत नाही, फक्त कार्यकारिणीचा ठराव लागतो.

आणि हा लेख वाचणारे तुम्ही अशा एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असाल, तर पुढच्या बैठकीत हा ठराव मांडा. नसाल, आणि चार पैसे बाळगून असाल, तर तुमच्या तालुक्यात कोण काय शोधत बसलं आहे ते आधी विचारा. असा माणूस प्रत्येक तालुक्यात निघतो. त्याच्या घरी जाऊन त्याची नोंदवही बघा, आणि पटली तर वर्षभराचा खर्च द्या.